पहिली इमरती

१४ जानेवारी २०२६
समर्थनगर, छत्रपती संभाजीनगर

प्रिय श्रीरंग,

आज संक्रांत. गोड बोलायचा दिवस आहे म्हणून हे पत्र आज लिहिते आहे, पण टाकणार नाही. सणासुदीला तुझ्या दारात असलं काही यायला नको. ड्रॉवरमध्ये ठेवीन आणि वेळ आली की पाठवीन.

हातानं का लिहिते आहे, असं तुला वाटेल. तूच म्हणालास. मागच्या महिन्यात पुण्याहून तू आम्हा सगळ्यांना स्क्रीनसमोर बसवून सांगितलंस की हातानं लिहिल्यानं मनाची बंद दारं उघडतात. माझी उघडली. आत तू निघालास. शिवाय ऑफिसच्या मेलवर लिहिलं की ते तुमच्या मनुष्यबळ विभागातल्या मुली वाचतात आणि मला ‘भावनिक स्वास्थ्य’ नावाचा कोर्स लावतात. मागच्या वेळी लावला होता. त्यात पडद्यावर एक फुगा श्वास घेत होता आणि मी त्याच्याबरोबर घ्यायचा होता.

तर, तुझ्या कार्यशाळेचा व्हिडिओ पाहिला. विषय छान आहे: निम्मी माणसं घरी आणि निम्मी ऑफिसात असताना टीम कल्पक कशी ठेवावी. तू मफलर घालून फिरत फिरत बोलतोस, तेही छान. मग तू म्हणालास, “मी एक पद्धत शोधून काढली. निर्भय तास.” समोरच्यांनी ते लिहून घेतलं.

तो ‘पडेल तास’ होता, श्रीरंग. तू इतक्यांदा नाव बदलून विकलास की मूळ विसरला असशील, म्हणून सांगते. आपण ‘ठिपका’ ही जाहिरातसंस्था सुरू केली तेव्हा चष्म्याच्या दुकानावरच्या ह्याच खोलीत आपल्याकडे एक टेबल होतं आणि गिऱ्हाईक एकही नव्हतं. जाहिरातीची चांगली ओळ सुचेना, म्हणून बुधवारी दुपारी आपण एकमेकांना सगळ्यात भिकार ओळी ऐकवायचो. ज्याची सगळ्यात पडेल, त्याला गुलमंडीवरून आणलेल्या इमरत्यांमधली पहिली. हसून हसून बरगड्या दुखायला लागल्या की कुणाच्या तरी तोंडून एखादी खरी ओळ निसटायची. ती कुणाची, हे विचारायचं नाही. चांगली ओळ खोलीची. पडेल ओळ मात्र बोलणाऱ्याची, आणि इमरती त्याची. ही पद्धत वगैरे नव्हती. आपली दोघांची श्रेयावरून भांडणं होऊ नयेत म्हणून काढलेला तोडगा होता. ते तू व्हिडिओत सांगितलं नाहीस.

मग पुण्याच्या कंपनीनं आपल्याला विकत घेतलं, तू तिकडे मोठा झालास आणि मी इकडे जुनी झाले. ह्याबद्दल माझी तक्रार नाही. कुणीतरी जुनं व्हावंच लागतं.

तक्रार मसाल्याची आहे. ‘लक्ष्मीबाई मसाले’ची ओळ: ‘भाजी तीच. आज विचारलं, कुणी केली?’ ही ओवीची. आपली ओवी, बाळ झाल्यापासून देवगाव रंगारीला सासरी राहून, तिथूनच काम करणारी. तिच्या कच्च्या कामात ती ओळ मी माझ्या डोळ्यांनी पाहिली आहे. नंतर ती पुण्यात बक्षीस घेऊन आली, तुझ्या नावावर. ‘कुणी केली’ असं विचारणारी ओळ कुणी केली, हे परीक्षकांनी विचारलं नाही. आणि तू सांगितलं नाहीस.

दुसरी तक्रार तुझ्या अहवालाची. तो सोमवारी आला. ‘खोली ही केवळ एक सवय आहे.’ मार्चअखेर समर्थनगरची जागा सोडावी, सगळ्यांनी घरून काम करावं, महिन्यातून एकदा ‘आनंदभेट’ घ्यावी. खाली तुमच्या मालकांची एक ओळ: नानासाहेबांचं टाक्यांचं वर्षभराचं काम ह्या शाखेनं मिळवलं, तर जागेचा फेरविचार करू.

सोमनाथनं अहवाल दोनदा वाचला. त्याला चित्रं काढायला लागून इतकी वर्षं झाली, पण अक्षरं वाचताना अजून ओठ हलतात.

“ताई, ह्यो माणूस आपल्यातलाच होता ना?”

“होता.”

“मग इसरला कसा काय?”

“मफलरनं कान झाकतात रे.”

मी तुझा सूड घेणार आहे. कसा, ते अजून ठरलेलं नाही. तूच म्हणतोस, घाई केली की कल्पना कच्ची राहते.

अंबिका

२२ जानेवारी २०२६

प्रिय श्रीरंग,

कळवायला आनंद होतो की मला काहीच करावं लागलं नाही.

काल बुधवार होता. नानासाहेबांच्या नव्या टाकीसाठी पडेल तास बसला. खोलीत मी, सोमनाथ आणि नवी लिहिणारी प्रेरणा. पडद्यावर एका चौकोनात तू आणि दुसऱ्यात ओवी. तुझ्या आदेशाप्रमाणे खोलीतला कॅमेरा फळ्याकडे तोंड करून होता. ‘लक्ष कल्पनेवर राहावं, माणसावर नाही,’ हे तुझंच वाक्य. त्यामुळे तुम्हा दोघांना गेली दोन वर्षं आमचा फळा दिसतो आणि आम्हाला तुम्ही.

सोमनाथनं सुरुवात केली. त्याची टाकी गणवेश घालून शाळेत जात होती. प्रेरणाच्या टाकीला पंख होते. मग माझी पाळी आली. नाटकातल्या राजासारखा हात वर करून मी म्हटलं, “नानासाहेब टाकी. रोज नवं पाणी, रोज ताजं पाणी.”

सोमनाथ स्टुलावरून खाली बसला. प्रेरणानं ओढणी तोंडात कोंबली. मी स्वतः टेबलाला धरून उभी होते. कारण ज्या शहरात नळाला आठवड्यातनं एकदा पाणी येतं, तेही आलं तर, जिथं लोक साखरपुड्याची तारीख धरताना पाण्याचा वार आधी बघतात, जिथं घराघरात बायको माहेरी गेल्याची तारीख आठवत नाही पण पाणी येऊन गेल्याची आठवते, तिथं टाकी विकायला उभं राहून ‘रोज ताजं पाणी’ म्हणणं. ह्याहून पडेल ओळ मी आयुष्यात लिहिलेली नाही. सोमनाथनं इमरती माझ्यापुढे सरकवलीसुद्धा.

आणि तेवढ्यात पडद्यातून तुझा आवाज आला. हळू, देवळात बोलल्यासारखा.

“थांबा. कुणी बोलू नका. ही शांतता ऐका.”

आम्ही एकमेकांकडे बघितलं. शांतता कुठली? सोमनाथला अजून उचकी लागली होती.

“एखादी ओळ खरी असते ना, तेव्हा खोली अशी गप्प होते,” तू म्हणालास. “अंबिका, यू स्टिल हॅव इट. हीच घेऊ या. मी हिला थोडा आकार देतो.”

तू गेल्यावर सोमनाथनं रेकॉर्डिंग लावलं. माझं वाक्य आहे. नंतर काही नाही. विहिरीच्या तळाशी असतं तसं काही नाही. मग तुझा आवाज. आम्ही तिघं छत पडेल इतकं हसत होतो आणि त्यातलं टिपूसही तिथं नव्हतं.

त्या यंत्रात गोंगाट गाळायची सोय असते म्हणे. पंख्याची घरघर गाळते, खालच्या रिक्षा गाळते, आणि आमचं हसणंही तिच्या हिशेबी गोंगाटच. बोलणं तेवढं ठेवते. तुमच्या कंपनीला शोभेल असंच यंत्र आहे.

“सरांना फोन करून सांगू का?” प्रेरणानं विचारलं. चांगली मुलगी आहे, अजून शिकायची आहे.

मी म्हटलं, “काय सांगशील? आम्ही हसत होतो म्हणून?”

“ताई, पण टाकीचं काम गेलं तर ही खोलीबी जाईल,” सोमनाथ म्हणाला.

ते मला ठाऊक आहे, श्रीरंग. म्हणूनच मी रात्रभर तळमळेन असं मला वाटलं होतं. पण मस्त झोप लागली. बिडकीनच्या कारखान्यात टाक्या बनवणाऱ्या त्या नानासाहेबांसमोर, पुढच्या महिन्यातल्या वितरकांच्या मेळाव्यात, तू ही ओळ स्वतःच्या तोंडानं म्हणशील, हे चित्र डोळ्यापुढे ठेवून झोपले. बाकी मला काही करायचं नाही. फक्त गप्प बसायचं आहे. तुला शांतता आवडते ना.

आपण भागीदार होतो तेव्हाची एक गोष्ट लिहून ठेवते. पाण्याच्या दिवशी तू उशिरा यायचास, पँटच्या घड्या घोट्यापर्यंत ओल्या. मी विचारायची नाही, तू सांगायचा नाहीस. तुमच्या घरी तीन पिंपं होती, एक निळं, त्याला झाकण नव्हतं म्हणून परात ठेवायचे. तुला आठवत नाही ह्याचा मला राग नाही, असं मी लिहिणार होते. खोडलं.

अंबिका

१ फेब्रुवारी २०२६

श्रीरंग,

ह्यावेळी ‘प्रिय’ लिहायचं विसरले नाही, मुद्दाम लिहिलेलं नाही.

गुरुवारी ओवीचा राजीनामा आला. चार ओळी. ‘वैयक्तिक कारण.’ काल कन्नडला जाणारी एसटी धरून मी देवगाव रंगारीला गेले. रस्ता अजून तसाच आहे, माणूस पोचेपर्यंत सुटा होतो.

ओवी ओसरीवर लॅपटॉप मांडून बसली होती आणि बाळ त्याच्या वायरशी खेळत होतं. तिच्या सासूबाई, वच्छलाबाई, शेंगा फोडत होत्या. मला बघून ओवी उठली, पाणी आणलं, आणि मग मान खाली घालून बसली.

मी विचारलं, “श्रीरंगनं मसाल्याची ओळ घेतली, म्हणून जातेस का?”

“घेतली नाही, ताई. मीच दिली त्यांना.”

हे वाक्य ऐकून मला तुझ्यापेक्षा तिचा जास्त राग आला. तीन आठवडे मी तुला चोर म्हणून झोपले होते.

“दिली म्हणजे?”

“बुधवारी मी काही बोलले की तिकडं सगळे गप्प. दोन वर्षं झाली. पडेल म्हणून बोलले तरी गप्प, चांगलं म्हणून बोलले तरी गप्प. मला फळा दिसतो नुसता. सुरुवातीला वाटलं, आवाज जात नसेल. मग वाटलं, जात असेल.” तिनं बाळाच्या हातातली वायर सोडवली. “सर मात्र नंतर मेसेज टाकायचे. छान, म्हणून. एक अंगठा. मग मी बुधवारी बोलायचं सोडलं आणि त्यांनाच पाठवायला लागले. कुणीतरी छान म्हणतंय ना.”

“आणि त्यानं ती स्वतःच्या नावावर लावली.”

“लावली. मी काही म्हणाले नाही. खोलीला नको होती, त्यांना हवी होती.”

“आता काय झालं मग?”

“गेल्या आठवड्यातल्या बुधवारी तुम्ही ती रोज ताजं पाण्याची ओळ बोललात. तुम्ही सगळे गप्प. सर म्हणाले, ही शांतता ऐका. मी म्हटलं, ह्यांना हे आवडतं? ताई, आमच्याकडं विहिरीला मोटर लागते तासभर, तरी शहरात पाणी रोज नसतं हे मला कळतंय. ज्या खोलीत ही ओळ चालते आणि माझी एकही चालत नाही, तिथं मी कशाला?”

शेंगा फोडायचा आवाज थांबला.

“दोन वर्सं ह्या पोरीला तिकडं कुनी हसलं नाय, व्हय?” वच्छलाबाई म्हणाल्या. “आन् मी रोज हसते हिला, तर ही फुगून बसती.”

मग मी तिला रेकॉर्डिंगचं सांगितलं. गाळणी सांगितली. सोमनाथची उचकी करून दाखवली, बाळ खदखदलं. आणि मी तिला विचारलं, मागच्या पावसाळ्यात टाक्यांसाठीच पडेल म्हणून तू एक ओळ बोलली होतीस, आठवते? ‘पाणी पाहुण्यासारखं येतं. मुक्कामाला जागा ठेवा.’

“ती गेली की. तुम्ही सगळे गप्प बसलात.”

“आम्ही टाळ्या पिटल्या ग. सोमनाथनं खडूनं भिंतीवर लिहिली. कॅमेरा फळ्याकडे आहे म्हणून तुला दिसली नाही. अजून आहे. नंतर तू काही बोलली नाहीस, आम्हाला वाटलं तुला विशेष नाही वाटत.”

तिनं लॅपटॉप मिटला. मग उठून आत गेली. वच्छलाबाई म्हणाल्या, “रडू द्या. लई दिसांचं हाये.”

तर हिशेब असा की ज्या यंत्रानं तुझा काटा काढायचा मी बेत केला होता, ते दोन वर्षं ओवीचाच काटा काढत होतं, आणि मी त्या खोलीत बसून इमरती खात होते. ह्यावर मी माझ्याशी काय बोलले, ते तुला सांगणार नाही. तुझ्यात आणि माझ्यात आता तेवढं काही राहिलेलं नाही.

पण तुझं खातं बंद झालं असं समजू नकोस. चोरी नव्हती, मान्य. तिनं तुझ्या हातात दिली. एक अंगठा दाखवून तू ती खिशात घातलीस. चोरीपेक्षा हे स्वस्त पडलं तुला.

ओवी राहते म्हणाली, राजीनामा फाडला. मेलचा कसा फाडतात ते माहीत नव्हतं, म्हणून छापून घेतला आणि फाडला.

अंबिका

१२ फेब्रुवारी २०२६

श्रीरंग,

आज शनिवारच्या मेळाव्याची तालीम झाली. तू पुण्याहूनच बोलणार आहेस. ‘प्रवासानं विचार थकतात.’ बरोबर आहे, एसटीत मीही थकले होते.

नानासाहेबांना आधी दाखवू या का, असं मी विचारलं. तू म्हणालास, “नाही. पहिली प्रतिक्रिया कच्ची हवी.” मी मान डोलावली. फळ्यानं तुला ती दाखवली नसेल.

मग मी तुला एक संधी दिली. नोंद असू दे. सगळ्यांसमोर विचारलं, “श्रीरंग, तुला पाण्याचा दिवस आठवतो का? निळं पिंप, परात?” तू हसलास. हसलास हे मला दिसलं, ऐकू आलं नाही, तुझंही गाळतात वाटतं. म्हणालास, “अंबिका, नॉस्टॅल्जिया नंतर. आता पुढं बघू.”

बघ मग पुढं.

ओवीला मी म्हटलंय, शनिवारी ये. बाळाला घेऊन ये. का, ते सांगितलेलं नाही.

सोमनाथला आज झोप येणार नाही. “ताई, खेळ उलटला तर?” मी म्हटलं, उलटला तर आपण सगळे घरी बसून फुग्याबरोबर श्वास घेऊ.

अंबिका

१६ फेब्रुवारी २०२६

प्रिय श्रीरंग,

शनिवारी संध्याकाळी तुझा संदेश आला. ‘तीनशे माणसं आणि सुई पडली तरी ऐकू येईल अशी शांतता. नानासाहेबांच्या डोळ्यांत पाणी. धिस इज व्हाय वी डू इट.’ रविवारी सकाळी तेच तू जगासाठीही लिहिलंस, खाली तुझा मफलरातला फोटो. आज मालकांनी कळवलं की टाक्यांचं काम आपल्याला मिळालं, तेव्हा तू उत्तरात तीन अंगठे टाकलेस.

म्हणून ही सगळी पत्रं आता एकत्र पाठवते आहे. हे शेवटचं आहे, पण तू हेच आधी वाच.

जालना रोडवरच्या त्या हॉटेलचा हॉल भरला होता. बिडकीन, पैठण, गंगापूर, शहागंज, सगळीकडचे वितरक. पहिल्या रांगेत नानासाहेब, नवा कडक फेटा. समोर भिंतभर पडदा आणि पडद्यावर तू, नानासाहेबांच्या टाकीएवढा. आयोजकांनी कॅमेरा व्यासपीठाच्या कोपऱ्यात लावला होता, त्यातून तुला नानासाहेबांचा डोळ्यांपासून वरचा चेहरा आणि समई दिसत असावी.

तू बोलायला लागलास. सर्जनशीलता, शांतता, पाण्याचं तत्त्व. लोक ऐकत होते, जेवण नंतर होतं. मग तू म्हणालास, हे मी शब्दशः लिहिते आहे, “ही ओळ मला एका पहाटे सुचली. संपूर्ण माझी आहे, त्यामुळे हिच्यासाठी जबाबदारही मीच.” आणि अक्षरं पडद्यावर आली. ‘रोज नवं पाणी. रोज ताजं पाणी.’ बाजूला एक बाई नळाखाली ओंजळ धरून हसते आहे.

आधी एकच माणूस हसला, मागं कुठंतरी. मग अख्खा हॉल हसत सुटला. असं हसणं मी लग्नातही ऐकलेलं नाही. खुर्च्या हलल्या. पैठणचे दोघं एकमेकांच्या गळ्यात पडले. शहागंजचे एक चाचा उभे राहिले आणि पडद्याकडे हात करून तुलाच विचारू लागले, “भाई, कौनसे मोहल्ले में आरा रोज पानी? बोलो, मैं उधरीच घर लेतूं.” त्यावर आणखी हसले. त्या गदारोळात यंत्रानं चाचांनाही गाळलं असणार. कुणी ओरडलं, “घागर घेऊन जा चाचा, पहिले.”

नानासाहेबांनी फेटा काढून मांडीवर ठेवला आणि रुमालानं डोळे पुसायला लागले. ते तू बघितलंस. तेच तुझं ‘डोळ्यांत पाणी’.

आणि तू, श्रीरंग, गप्प. मान थोडी कललेली, डोळे मिटलेले, जणू भैरवी संपलीय. तू हळूच म्हणालास, “ही शांतता ऐका.” हॉलमध्ये मोठ्या स्पीकरवर. तुझं बोलणं यंत्र गाळत नाही ना. त्यानंतर जे हसले, त्यातले काही बाहेर जाऊन हसले.

मला वाटलं होतं, मला मजा येईल. आलीसुद्धा, खोटं कशाला. पण दोन मिनिटांनी माझ्या लक्षात आलं की ज्याच्यासाठी मी महिनाभर गप्प बसले, त्याला काही पोचतच नाही. तीनशे माणसं तुला हसत होती आणि तू पूजा करत होतास. इतका वाया गेलेला सूड मी पाहिलेला नाही.

तुझा चौकोन बंद झाल्यावर नानासाहेब माझ्याकडे वळले. फेटा पुन्हा चढवत होते. हसू गेलं होतं.

“अंबिकाताई, ह्ये कुनी लिवलं?”

“सरांनी. त्यांनीच सांगितलं ना, संपूर्ण माझी म्हणून.”

“मंग त्यांना पानी रोज येत आसंल. माझ्या गिऱ्हाइकाला येत नाय, म्हनून तर टाकी घेतं. माझी चेष्टा केली का तुमी लोकांनी, वितरकांसमोर?”

सोमनाथनं डोळे मिटून घेतले. इथं खोली जाणार होती. मी ओवीचा दंड धरून तिला पुढं केलं. कडेवर बाळ, खांद्यावर दुपट्याची पिशवी, तिला काही माहीत नाही.

“भिंतीवरची ओळ सांग.”

“ताई, इथं?”

“इथंच. इथं तुला माणसं दिसतात.”

ती नानासाहेबांकडे बघून, देवगावला कुणी घरी आल्यावर बोलतात तसं, बोलली. “पाणी पाहुण्यासारखं येतं. मुक्कामाला जागा ठेवा.”

ह्यावेळी खरंच कुणी बोललं नाही. मी कान देऊन ऐकलं, कारण आता ह्या बाबतीत माझा विश्वास उरलेला नाही. मग चाचा मान हलवत म्हणाले, “ये बराबर है.” आणि नानासाहेबांनी ती ओळ स्वतःशी पुन्हा म्हणून बघितली, जिभेवर ठेवून.

“माजी मंडळी आसंच म्हनती,” ते म्हणाले. “पानी येनार म्हनलं की हातरुन घालायला निघती.” आणि मग ते हसले. ओवीनं ते ऐकलं. तिच्या तोंडाकडे मी बघत होते.

काम त्यांनी दिलं, एक अट घालून. ते तुमच्या मालकांना त्यांनी फोनवर सांगितलं, तुला नसेल सांगितलं कुणी. “समर्थनगरच्या त्या खोलीत होनार आसंल तर वर्सभराचं देतो. मी सोता येऊन बसनार बुदवारी. पडद्यावरचा मानूस नको, त्येला दिसत नाय.” मालकांनी लगेच जागेचा करार वाढवला. तुझा अहवाल कुठं ठेवला, ते त्यांना विचार.

आता ओवी बुधवारी इथं येणार आणि बाकीचे दिवस देवगावहून काम करणार. कॅमेरा माणसांकडे फिरवला आहे. आणि ती गोंगाट गाळायची सोय बंद करायला तिथंच एक बटण असतं. सोमनाथला सापडलं. दोन वर्षं आमच्या डोळ्यासमोर होतं. तुझ्या कार्यशाळेत सांग हवं तर. आमचं नाव नाही घेतलंस तरी चालेल, ती गोष्ट चांगली आहे, खोलीची आहे.

पण टाकीची ओळ चांगली नव्हती. ती पडेल होती, आणि पडेल ओळ बोलणाऱ्याची असते. मी ती पहिल्यांदा बोलले, हे खरं, आणि त्या बुधवारची इमरती मी खाल्ली. पण शनिवारी तीनशे माणसांसमोर तू ती संपूर्ण स्वतःची म्हणालास. सोमनाथ, प्रेरणा आणि ओवी, तिघांनी हात वर केले. ‘ठिपका’ सुरू झाल्यापासूनची सगळ्यात पडेल. कुणाचंही दुमत नाही.

तेव्हा सोबतच्या डब्यात गुलमंडीवरची इमरती पाठवते आहे. पहिली. पाक थोडा सुटेल, पत्रांना चिकटला तर सांभाळून सोडव. ती खाताना कुणी हसत नाहीये असं वाटलं, तर तसं नाही.

कुरिअरवाल्यानं विचारलं, आत काय आहे, पावतीवर लिहावं लागतं. मी सांगितलं, बक्षीस.

अंबिका